सेकंडहँड ब्रँडेड पर्स घेताय? पैसे पाठवण्याआधी एवढं तपासा

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सोनारांच्या पेठेत, सोनं घेताना आता कुणी नुसत्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. दागिन्यावरचा सहा अक्षरी एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) बघायचा, बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकायचा, शुद्धता समोर येते. ब्रँडेड पर्सच्या बाबतीत अशी सोय नाही. नंबर टाकला आणि खरं-खोटं कळलं, अशी खुली यादी लुई व्हितॉन, शनेल, गुच्ची यांपैकी कुणीच ठेवलेली नाही. जुनी बॅग घेऊन त्यांच्या शोरूममध्ये गेलात तरी ‘ही आमचीच’ असं लिहून मिळत नाही. कोल्हापुरात तर या कंपन्यांचं दुकानच नाही. लुई व्हितॉन, गुच्ची किंवा डिओर बघायची म्हणजे मुंबईचं जिओ वर्ल्ड प्लाझा आणि हर्मेससाठी फोर्टातलं हॉर्निमन सर्कल. त्यामुळे इथल्या बहुतेकींनी खरी बॅग हातात न घेताच इन्स्टाग्रामवरच्या बॅगेचा सौदा केलेला असतो.

तपासायला लागण्याआधी एक गोष्ट पक्की करा. एक खूण ठळकपणे चुकली तर बॅग खोटी ठरवायला तेवढी पुरते. पण दहा खुणा जुळल्या म्हणून ती खरी ठरत नाही, कारण चांगली नक्कल करणाऱ्यांनाही त्या दहा खुणा पाठ असतात. म्हणून खाली दिलेल्या तपासण्या बॅग नाकारण्यासाठी वापरा. स्वीकारताना मात्र विकणाऱ्याची ओळख, कागदपत्रं आणि परतीची लेखी हमी या तिन्हींवर भिस्त ठेवा.

मुळात घ्यायची कोणती

कोच किंवा मायकेल कोर्स घ्यायची असेल तर सेकंडहँडच्या भानगडीत पडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. या कंपन्यांचे सेल लागतात, आउटलेट दुकानं आहेत, आणि जुन्या बॅगेची किंमत झपाट्यानं उतरते. तपासणीचा खर्च आणि डोकेदुखी धरली तर सेलमधली नवी बॅगच परवडते. आणखी एक गैरसमज इथेच काढून टाका. कोचच्या बॅगेवर व्हिएतनाम, कंबोडिया किंवा चीनचं नाव असेल तर ती नकली ठरत नाही, त्यांचं उत्पादन खरोखरच तिथे होतं. गुच्चीच्या बॅगेवर मात्र इटलीशिवाय दुसरा देश दिसला तर तिथेच थांबा.

लुई व्हितॉन सेल लावत नाही आणि तिची आउटलेटही नाहीत. त्यामुळे ‘फॅक्टरी सेकंड’, ‘एक्स्पोर्ट सरप्लस’, ‘कंपनीतून थेट’ असलं काही ऐकू आलं की पुढे बोलायचं कारण उरत नाही. ‘फर्स्ट कॉपी’, ‘मास्टर कॉपी’, ‘सेव्हन-ए’ ही सगळी नकलीचीच नावं, फक्त भाव वेगवेगळे.

किमतीचा अंदाज घेताना दोन टोकं बघा. त्याच मॉडेलची आजची नवी किंमत कंपनीच्या भारतीय वेबसाइटवर मिळते का पाहा. मग दोन-तीन जुन्या, नाव असलेल्या रिसेलरकडे (वापरलेल्या बॅगा विकणाऱ्या व्यावसायिकांकडे) तेच मॉडेल, तोच आकार, साधारण त्याच अवस्थेत कितीला आहे ते बघा. शनेलची क्लासिक फ्लॅप किंवा हर्मेसची बर्किन सेकंडहँडमध्येही नव्याच्या जवळपास, कधी नव्यापेक्षा महाग जाते. अशी बॅग कुणी नव्याच्या पाचव्या हिश्शात देत असेल तर ती दानधर्म करत नाहीये.

मगर, अजगर, सरडा यांच्या कातड्याच्या बॅगा सरळ टाळा. त्यांच्या व्यापारावर ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराची आणि आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंधनं आहेत. कागद नसलेली अशी बॅग खरी निघाली तर उलट जास्त त्रास.

विकणारी व्यक्ती कोण आहे

आपल्याकडे या बॅगा तीन वाटांनी येतात: पुण्या-मुंबईचे रिसेलर, इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विकणाऱ्या व्यक्ती, आणि ओळखीतून. तिसरी वाट सगळ्यात सुरक्षित वाटते, आणि नेमकी तिथेच तपासणी होत नाही. ‘वहिनींच्या बहिणीने दुबईहून आणली’ या वाक्यात बॅग कुठून आली हे कळतं, कुठल्या दुकानातून घेतली हे कळत नाही. दुबईत आणि बँकॉकमध्ये शोरूमही आहेत आणि नकली मालाचे बाजारही. विकणारी प्रामाणिक असू शकते, तिलाच कुणीतरी फसवलेलं असू शकतं. म्हणून नात्यात मागायला अवघड वाटलं तरी बिल मागाच. ‘ताई, विमा उतरवायला लागेल’ असं म्हटलं की वाईटपणा येत नाही.

अनोळखी विक्रेत्याकडून हे मागा: पूर्ण नाव, पत्ता, जीएसटी नंबर (धंदा करत असेल तर), आणि परतीचे नियम लेखी. अकाउंट किती जुनं आहे ते बघा. कमेंट बंद आहेत का, जुन्या पोस्टवर खऱ्या माणसांचं बोलणं आहे का, तेही बघा. फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा, परदेशी साइटवरचा उचललेला फोटो असेल तर तिथेच उघडा पडतो. ‘आज रात्रीपर्यंतच, अजून तिघी रांगेत आहेत’ अशी घाई केली की त्या तिघींना घेऊ द्या.

फोटो कसे मागायचे

सजवून काढलेले फोटो उपयोगाचे नाहीत. दिवसाउजेडी, खिडकीजवळ, फ्लॅश न मारता काढलेले हवेत. पुढून, मागून, तळ, चारही कोपरे, पट्टा जिथे जोडलाय ती जागा, आतलं अस्तर, आतला ठसा जवळून, चेनची किल्ली दोन्ही बाजूंनी, हुक आणि बकलवरची कोरीव अक्षरं, आणि कोड किंवा चिप जिथे असते ती जागा. एका फोटोत बॅगेशेजारी कागदावर त्या दिवसाची तारीख आणि तुमचं नाव लिहिलेलं असावं. त्यानंतर व्हिडिओ कॉल. कॉलवर तुम्ही सांगाल तिकडे कॅमेरा वळवायला टाळाटाळ झाली तर विषय संपला.

कोड वाचायला शिका

इथे थोडा वेळ घालवलेला फायद्याचा, कारण नकली माल विकणारे बहुतेक जण कोड छापतात, पण तो बॅगेशी जुळतो का हे बघत नाहीत.

लुई व्हितॉनच्या १९८० नंतरच्या दशकांतल्या बॅगांमध्ये ‘डेट कोड’ असतो. हा सीरियल नंबर नाही. बॅग कुठल्या कारखान्यात आणि कधी बनली एवढंच तो सांगतो, त्यामुळे एकच कोड अनेक बॅगांवर असणं हे नकलीचं लक्षण नाही. १९९० ते २००६ या काळात दोन अक्षरं आणि चार आकडे: पहिला आणि तिसरा आकडा मिळून महिना, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. २००७ पासून पहिला-तिसरा मिळून आठवडा झाला, वर्ष तसंच राहिलं.

उदाहरण घ्या. ‘एसडी १०८९’. पहिला आकडा १, तिसरा ८, म्हणजे १८. दुसरा ०, चौथा ९, म्हणजे २००९. तर २००९ चा अठरावा आठवडा. जुन्या पद्धतीनं वाचला तर अठरावा महिना येतो, जो नसतोच. आता हे तीन दावे तपासा. ‘ही माझी २००३ ची बॅग’: कोड २००९ सांगतो, खोटं. ‘२०२३ मध्ये मुंबईत नवी घेतली’: मार्च २०२१ पासून कंपनीनं डेट कोड बंद करून आत मायक्रोचिप घालायला सुरुवात केली, मग २००९ चा कोड असलेली बॅग २०२३ मध्ये नवी कशी मिळेल? आणि लुई व्हितॉनच्याच ‘नेव्हरफुल’ या मॉडेलवर २००४ चा कोड असेल तर? नेव्हरफुल बाजारात आली २००७ मध्ये. तिन्ही ठिकाणी शिलाई, चामडं काहीही न बघता निकाल लागला.

चिपवाली बॅग फोन टेकवून तपासून दाखवतो, असं कुणी म्हणालं तर भुलू नका. फोनला चिप सापडते, पण त्यातली माहिती कंपनीच उलगडू शकते. आणि चिप तर कुणीही घालू शकतं.

शनेलमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यापासून आत नंबराचा स्टिकर आणि त्याच नंबरचं कार्ड असायचं. साधारण २००५ पासून नंबर आठ आकडी झाला, त्याआधी बहुतेक सात आकडी. २०२१ मध्ये स्टिकर आणि कार्ड दोन्ही गेले, त्याजागी चिप असलेली धातूची छोटी पट्टी आली. म्हणजे ‘२०२२ ची बॅग, कार्डासकट’ हे वाक्य स्वतःच स्वतःला खोटं पाडतं. हर्मेसनं तर बॅगेसोबत सत्यतेचं कार्ड कधीच दिलेलं नाही. बर्किनसोबत चकचकीत नारिंगी कार्ड मिळालं, तर त्या कार्डानंच बॅग नकली ठरवली.

गुच्चीमध्ये आत चामड्याची छोटी पट्टी शिवलेली असते. पुढे नाव, मागे आकड्यांच्या दोन ओळी. वरची ओळ मॉडेलची असते. ती गूगलवर टाकली की त्याच मॉडेलचे फोटो यायला हवेत. वेगळंच मॉडेल आलं तर बॅग परत.

डोळ्यांनी काय दिसतं

लुई व्हितॉनच्या ठशात इंग्रजी ‘ओ’ अगदी गोल असतो, लंबगोल नाही. ‘एल’ची खालची रेघ आखूड. दोन ‘टी’ एकमेकांना जवळजवळ टेकलेले. स्पीडी या मॉडेलला तळाशी जोड नसतो, कॅनव्हासचा एकच तुकडा पुढून खालून मागे जातो, त्यामुळे मागच्या बाजूची एलव्ही अक्षरं उलटी दिसतात. ‘उलटी अक्षरं आहेत, म्हणजे डुप्लिकेट’ असं सांगणारे हुशार भेटतील, त्यांना हे दाखवा.

शनेलच्या कुलपावर दोन ‘सी’ एकमेकांत अडकलेले असतात. वरच्या बाजूला उजवा ‘सी’ डाव्यावर, खालच्या बाजूला डावा उजव्यावर. शिवाय चौकटींची शिलाई मागच्या खिशावरून आणि झाकणावरून न तुटता जुळत जाते. चौकटी जुळवत कापायच्या तर चामडं जास्त वाया जातं, म्हणून स्वस्त नक्कल इथे हमखास घसरते. प्राडाच्या त्रिकोणी पट्टीवर ‘आर’ अक्षराच्या पायाजवळची बारीक खाच बघा. फोटो मोठा केला की दिसते.

गुजरीतल्या सोनाराकडे असतं तसं दहापट भिंग ऑनलाइन सहज मिळतं. ठसे आणि कोरीव अक्षरं त्याखाली बघा: कडा स्वच्छ हव्यात, रंग अक्षराबाहेर सांडलेला नको.

चामडं: इथे कोल्हापूरकर पुढे आहेत

लुई व्हितॉनच्या मोनोग्राम बॅगेचा मोठा भाग चामडं नसतोच. तो लेप दिलेला कॅनव्हास असतो. ‘रेक्झिनसारखं लागतंय, म्हणजे खोटी’ हा निष्कर्ष म्हणून चुकीचा. चामडं असतं ते हँडल, कडा आणि पट्ट्यांना. त्याला वॅशेटा म्हणतात: वनस्पतींपासून कमावलेलं, रंग न दिलेलं गाईचं चामडं. आपल्या कोल्हापुरी चपलेचं चामडंही बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. असं चामडं ऊन, हाताचा घाम आणि तेल पिऊन हळूहळू मधासारखं गडद होत जातं, हे इथल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

त्याचा उपयोग असा. ‘एकदाही वापरली नाही’ म्हणून सांगितलेल्या बॅगेचं हँडल गडद आणि चमकदार असेल तर वापरलेली आहे. पंधरा वर्षांच्या बॅगेचं हँडल दुधासारखं फिकं असेल तर एक तर ते बदललेलं आहे (मग दुरुस्तीचं बिल मागा) किंवा ते वॅशेटा नाही. गडदपणा हात लागतो तिथे जास्त, कोपऱ्यात कमी असा असमान हवा. सगळीकडे एकसारखा तपकिरी असेल तर रंग फासलेला आहे.

सुभाषनगर, जवाहरनगर भागातल्या जुन्या चप्पल कारागिराला बॅग दाखवायला काही हरकत नाही. चामडं खरं की सिंथेटिक, कड हातानं घासून रंगवली की नुसता रबरी थर चढवला, शिलाई हाताची की मशीनची, हे तो मिनिटात सांगेल. हर्मेसची बर्किन हातानं शिवतात, मेण लावलेल्या एकाच दोऱ्याला दोन्ही टोकांना सुया घालून. त्यामुळे टाके किंचित तिरपे दिसतात. कारागीर ते ओळखेल. पण बॅग कोणत्या कंपनीची हे सांगणं त्याचं काम नाही. महागड्या नकलांना चामडं खरंच वापरतात, आणि तिथे त्याचं ‘अस्सल आहे’ हे उत्तर तुम्हाला चुकीच्या ठिकाणी नेईल.

आपल्या पावसाळ्याचा हिशेब

बॅग खरी आहे, पण खराब आहे, असंही होतं. १९९० च्या दशकातल्या लुई व्हितॉन आणि गुच्चीच्या अनेक बॅगांचं आतलं अस्तर काळानुसार चिकट होतं, पापुद्रे सुटतात. दमट हवेत हे लवकर होतं. कोल्हापूरच्या चार महिन्यांच्या ओलीत ती बॅग कपाटात राहिली तर दसऱ्याला बाहेर काढताना खिशात घातलेली पावती अस्तराला चिकटून येईल. म्हणून व्हिडिओ कॉलवर आतल्या खिशात बोट घालून, दाबून, उचलायला सांगा. बोट सोडताना ‘चट्ट’ असा आवाज आला तर ते अस्तर बदलायचा खर्च किमतीतून कापा, नाहीतर सोडून द्या.

बुरशीचा वास कॉलवर कळत नाही, तो हातात घेतल्यावरच. पांढरे ठिपके पुसले जातात, वास जात नाही. नदीकाठच्या पेठांत पुराचं पाणी घरात शिरलेलं असतं, हे लक्षात घेऊन तळाचा पुठ्ठा फुगलाय का, आतले रिव्हेट गंजलेत का, तेही बघा. डिंकाचा किंवा रसायनाचा झोंबणारा वास आला तर तो नव्या, स्वस्त नकलीचा असण्याची शक्यता जास्त.

बिल खरं आहे का

बिल, बॉक्स, डस्ट बॅग, रिबन या सगळ्यांचाही नकली बाजार आहे. बॉक्सला माझ्या लेखी किंमत शून्य. बिलाला मात्र आहे, कारण भारतातलं बिल तपासता येतं.

जुलै २०१७ नंतरच्या भारतीय बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, दिल्ली ०७, कर्नाटक २९. मुंबईच्या दुकानाचं बिल आणि सुरुवात ०७ ने, म्हणजे काहीतरी गडबड आहे. तो नंबर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये टाका, कंपनीचं नाव येतं, पैसे लागत नाहीत. २०१६ च्या बिलावर जीएसटी दिसला तर हसून फोन ठेवा. यानंतर बिलावरचं मॉडेल, रंग, आकार आणि तारीख बॅगेशी आणि तिच्यातल्या कोडशी जुळवा. नाव झाकलं तरी चालेल, बाकी काही झाकलेलं नको.

तिसऱ्याची नजर

पन्नास हजारांच्या वरची बॅग असेल तर पैसे भरून तज्ज्ञाकडून तपासून घ्या. फोटोंवरून मत देणाऱ्या सेवा ऑनलाइन आहेत. काही रिसेलर ‘एन्ट्रुपी’ हे यंत्र वापरतात, ते सूक्ष्मदर्शकासारख्या कॅमेऱ्यानं बॅगेचे फोटो काढून संगणकाकडून पडताळतं आणि प्रमाणपत्र देतं. विकणारीनं स्वतःच प्रमाणपत्राची पीडीएफ पाठवली तर तिच्यावर थांबू नका. प्रमाणपत्रावरचा नंबर त्या सेवेच्या वेबसाइटवर स्वतः टाका आणि तिथला फोटो याच बॅगेचा आहे का बघा, ओरखडे आणि डाग जुळवून. एकाच खऱ्या बॅगेचं प्रमाणपत्र पाच नकली बॅगांसोबत पाठवता येतं.

महाग बॅग असेल तर भेटूनच घ्या. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघालात की सकाळी मुंबई. कुरियरच्या भरवशावर लाख रुपये सोडण्यापेक्षा ते तिकीट स्वस्त.

पैसे कसे द्यायचे

सगळे पैसे आधी पाठवायचे नाहीत. टोकन द्यावंच लागलं तर बुडालं तरी झोप उडणार नाही एवढंच. बँक खात्यावरचं नाव विकणारीच्या नावाशी जुळलं पाहिजे. ‘भावाच्या खात्यावर टाका’ याला नकार द्या. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, तेव्हा परताव्यासाठी क्यूआर स्कॅन करायला सांगितला तर तो सापळा आहे. रिसेलरकडून घेत असाल तर क्रेडिट कार्ड बरं, वाद झाला तर बँकेकडे तक्रार करता येते. आणि ‘रोख द्या, कमी करते’ या आमिषाला मर्यादा आहे. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यानं बंद केलंय.

पैसे देण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज मान्य करून घ्या. मजकूर साधा असावा: ‘अमुक कंपनी, अमुक मॉडेल, आतला कोड अमुक, किंमत अमुक. बॅग अस्सल असल्याची हमी. पंधरा दिवसांत तज्ज्ञाच्या तपासणीत नकली ठरल्यास पूर्ण रक्कम परत.’ जी हे मान्य करत नाही, तिला बॅगेची खात्री नाही. तुम्हाला तरी का असावी?

पार्सल आलं की उघडायच्या आधीपासून सलग व्हिडिओ काढा: पत्त्याचं लेबल, सील, उघडणं, बॅग, आतला कोड. मध्ये कुठेही कट नको.

फसलात तर

पैसे गेले आणि बॅग आलीच नाही, तर त्याच तासाला १९३० वर फोन करा आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत थांबवता येण्याची शक्यता सुरुवातीलाच असते.

बॅग आली पण नकली निघाली, आणि विकणारा व्यावसायिक असेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मिटलं नाही तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि मुदत दोन वर्षं. एखादीनं स्वतःची एकच बॅग विकली असेल तर ग्राहक कायदा सहसा लागू होत नाही, मग पोलिसात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार. दोन्हीकडे तो हमीचा मेसेज, बँकेची नोंद, तपासणीचा अहवाल आणि पार्सलचा व्हिडिओ लागतो. चॅट डिलीट करू नका, फोन बदलला तरी जुना जपून ठेवा.

नकली निघालेली बॅग ‘ओरिजिनल’ म्हणून दुसरीला विकून पैसे वसूल करायचा विचार येईल. ट्रेड मार्क्स कायद्याच्या कलम १०४ नुसार खोट्या ब्रँडचा माल विकण्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. शिवाय तक्रार चालू असेपर्यंत ती बॅग पुरावा असते, त्यामुळे ती पार्सलच्या खोक्यासकट, लेबल न काढता बाजूला ठेवा.